'नॉट बॅड' म्हणजे नेमके किती चांगले? इंग्रजीत माणसाचे वर्णन नकारातून करताना

गोव्यातील मराठी घरांत पुष्कळांचे शिक्षण चौथीपर्यंत मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून झालेले असते. त्यामुळे इंग्रजी वाचता येते आणि कामापुरते लिहिताही येते, पण दुसऱ्या माणसाविषयी इंग्रजीत चार वाक्ये लिहायची वेळ आली की लेखणी अडते. ही वेळ मात्र वारंवार येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहायचा असतो, हॉटेलात नोकरी शोधणाऱ्या मुलाला शिफारसपत्र द्यायचे असते, जहाजावर निघालेल्या पुतण्याच्या अर्जासोबत दाखला जोडायचा असतो, नाहीतर देवस्थानच्या किंवा नाट्यमंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय इंग्रजीत छापायचा असतो. फोंड्याला मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो आहे, आणि असे कागद तपासून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. त्यांत व्याकरणाच्या चुका असतात, पण त्या दुरुस्त करणे सोपे असते. खरा घोटाळा होतो तो नकारातून केलेल्या स्तुतीत आणि नकारातून केलेल्या सौम्य टीकेत, कारण तेथे वाक्य शुद्ध असते आणि अर्थ मात्र भलताच पोहोचतो.

अशा लेखनाला इंग्रजीत 'लिटोटीझ' म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याच्या मुळाशी साधेपणाचा, मोजकेपणाचा अर्थ आहे. जे म्हणायचे ते सरळ न म्हणता त्याच्या उलट गोष्टीला 'नाही' म्हणायचे, अशी ही रीत आहे. इंग्रजीत ती फार जुनी आहे, अगदी प्राचीन इंग्रजी काव्यातही ती जागोजाग आढळते. आपल्यालाही ती परकी नाही. आपण सहज म्हणतो की तो काही ऐरागैरा नव्हे, तो कच्च्या गुरूचा चेला नाही, ती बोळ्याने दूध पीत नाही, त्याचे कोणाशी वाकडे नाही. ही रीत आपल्याला आधीपासून येत असल्यामुळेच आपण ती जशीच्या तशी इंग्रजीत नेतो, आणि गफलत होते ती तेथेच.

माझ्याच हातून झालेली एक चूक येथे सांगतो. किनाऱ्यावर शॅक म्हणजे हंगामी खानावळ चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना त्यांच्याकडे दोन हंगाम काम केलेल्या मुलाला एका मोठ्या हॉटेलासाठी शिफारसपत्र द्यायचे होते. ते मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेलो. त्यांनी सांगितले, 'पोरगा वाईट नाही, खाडे करीत नाही, कसले व्यसन नाही.' मी लिहिले, 'ही इज नॉट अ बॅड बॉय. ही इज नॉट इरेग्युलर. ही हॅज नो बॅड हॅबिट्स.' चार दिवसांनी हॉटेलातून त्या गृहस्थांना फोन आला आणि पहिलाच प्रश्न असा होता की मुलाबद्दल पूर्वी काही तक्रार झाली होती का. मुलाची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'सर, तुम्ही माझ्या पोराबद्दल वाईट असं काय लिहिलंत?' मी वाईट काहीच लिहिले नव्हते. गृहस्थ मनापासून स्तुती करीत होते आणि मराठीत ती स्तुतीच होती. कागदावर मात्र वाईटपणा, अनियमितपणा आणि व्यसन हे तीन शब्द एका दमात उतरले होते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तेच भरले. त्या दिवसापासून असे वाक्य लिहिण्यापूर्वी मी काही पायऱ्या ठरवून घेतल्या. नव्याने लिहू लागलेल्यांसाठी त्याच येथे मांडतो.

पहिली पायरी: सरळ वाक्य आधी मराठीत लिहा

कागदाच्या कोपऱ्यात, नकार न वापरता, त्या माणसाबद्दल नेमके काय म्हणायचे आहे ते लिहून काढा. 'वाईट नाही' असे मनात असेल तर स्वतःला विचारा की तो बरा आहे, चांगला आहे, की उत्तम आहे. याचे उत्तर तुम्हालाच देता येत नसेल, तर इंग्रजी वाक्य वाचणाऱ्याला ते कळण्याची काहीच शक्यता नाही. ही पायरी दोन मिनिटांची आहे, तरी ती कधी गाळू नये.

दुसरी पायरी: शब्दांची जोडी कोणत्या जातीची आहे ते पाहा

विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या दोन प्रकारच्या असतात. हजर आणि गैरहजर या जोडीत मधली जागाच नाही, म्हणून 'नॉट अ‍ॅब्सेंट' म्हणजे हजर, एवढाच अर्थ निघतो. चांगला आणि वाईट, दयाळू आणि कठोर, हुशार आणि मंद या जोड्यांत मात्र दोन टोकांच्या मध्ये ऐसपैस जागा असते. अशा जोडीतील एका टोकाला 'नाही' म्हटले की माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन बसत नाही. तो मधल्या जागेत कोठेतरी राहतो, आणि कोठे ते वाचणाऱ्याने ठरवायचे असते. तर्कशास्त्रात हा भेद अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेला आहे, आणि लॉरेन्स हॉर्न या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८९ साली नकारावर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे.

हे समजून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे कागदावर एक आडवी रेघ ओढणे. डाव्या टोकाला 'अनकाइंड' लिहा, उजव्या टोकाला 'काइंड' लिहा आणि मग विचारा की 'नॉट अनकाइंड' कोठे बसेल. ते डाव्या टोकापासून निश्चित दूर आहे, पण उजव्या टोकापर्यंत पोहोचलेले नाही. 'शी वॉज नॉट अनकाइंड टू अस' हे वाक्य एखाद्या करड्या मुख्याध्यापिकेबद्दल शोभते, जिने फार जवळ केले नाही पण वेळ पडली तेव्हा अडवलेही नाही. ज्या बाईंनी तुमच्या मुलाला घरी बोलावून फी न घेता शिकवले, त्यांच्याबद्दल हे वाक्य लिहिणे म्हणजे त्यांच्या उपकारावर पाणी ओतणे आहे. तेथे 'शी वॉज व्हेरी काइंड' हेच सरळ वाक्य हवे.

डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली इंग्रजीतील आणि इतर भाषांतील नकारावर लिहिताना या गोष्टीचे कारण दिले आहे. दोन नकार एकमेकांना कापतात हे खरे, पण तेथवर पोहोचायला ऐकणाऱ्याच्या मनाला वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशात विधानाचा जोर कमी होतो. म्हणून 'नॉट अनकॉमन' हे 'कॉमन'पेक्षा नेहमीच थोडे फिके असते. येस्पर्सन यांचे दुसरे निरीक्षण तितकेच कामाचे आहे. एखाद्या गुणाला 'नॉट' लावले की सामान्यतः अर्थ 'त्याहून कमी' असा होतो, 'त्याहून जास्त' असा होत नाही. 'नॉट ब्रिलियंट' म्हटल्यावर तो बुद्धिमत्तेच्याही पलीकडचा आहे असे कोणी समजणार नाही, तो साधारण आहे असेच समजेल.

वर बोलण्याचा सूरही असतो. इंग्लंडमधील माणूस तोंडी 'नॉट बॅड' म्हणतो तेव्हा सूर चढवून तो 'फारच छान' असेही सुचवू शकतो. कागदावर तो सूर उमटत नाही. लिहिलेले 'नॉट बॅड' रेघेच्या मध्याच्या थोडे उजवीकडे बसते, त्याहून पुढे जात नाही, हे गृहीत धरूनच लिहावे.

तिसरी पायरी: 'नॉट' आणि 'नो' यांतील अंतर ओळखा

मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वांत उपयोगी पडेल अशी ही पायरी आहे, आणि बहुतेक शालेय पुस्तकांत तिच्यावर पुरेसा वेळ दिलेला नसतो. 'ही इज नॉट अ टीचर' या वाक्यात माहिती आहे की त्याचा व्यवसाय शिक्षकाचा नाही, तो कदाचित बँकेत असेल. 'ही इज नो टीचर' या वाक्यात मत आहे की तो शाळेत नोकरीला असला तरी शिक्षक म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. एका छोट्या शब्दाने माहितीचा अभिप्राय होतो. 'नॉट' माणसाला एका वर्गातून वगळते, आणि 'नो' त्या वर्गाचे गुण त्याच्यात नाहीत असे सांगते.

हेच उलट दिशेने स्तुतीला उपयोगी पडते. 'ही इज नॉट अ फूल' म्हणजे कोणी त्याला मूर्ख म्हणाले असेल तर ते चूक आहे, एवढेच. 'ही इज नो फूल' म्हणजे तो चांगला चलाख आहे, त्याला फसवायला जाऊ नका. आपल्या 'बोळ्याने दूध पीत नाही'ला इंग्रजीत सर्वांत जवळचे काही असेल तर ते हेच. त्याच घरातील आणखी काही प्रयोग आहेत. 'शी इज नो मीन कुक' म्हणजे ती पट्टीची स्वयंपाकीण आहे. येथे 'मीन'चा अर्थ कंजूष किंवा दुष्ट असा नाही, सामान्य असा जुना अर्थ आहे. हा प्रयोग १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही आढळतो, तेथे संत पॉल आपल्या तार्सस गावाची ओळख 'नो मीन सिटी' अशी करून देतात. 'ही इज नो स्ट्रेंजर टू हार्ड वर्क' म्हणजे कष्ट त्याच्या अंगवळणी पडलेले आहेत. शॅकच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या उकाड्यात उभे राहिलेल्या मुलासाठी हे वाक्य अगदी बरोबर बसते.

कोकणी घरात वाढलेल्यांना येथे एक आधार आहे. कोकणीत 'ना' आणि 'न्हय' असे दोन नकार वेगळे ठेवलेले आहेत. माणूस तेथे हजर नसला तर 'ना', आणि तो अमुक एक नसला तर 'न्हय'. मराठीतही 'नाही' आणि 'नव्हे' असा भेद आहे, मात्र बोलण्यात तो पुसट होत चालला आहे. इंग्रजीतील 'नो' आणि 'नॉट' यांची विभागणी या दोन्हींशी तंतोतंत जुळत नाही, पण एका भाषेत नकाराचे दोन शब्द दोन कामांसाठी असू शकतात हे ज्याच्या कानाला सवयीचे आहे, त्याला हा फरक लवकर पटतो.

चौथी पायरी: ही शंका कोणाची, असे विचारा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे. आपण 'नाही' म्हणतो तेव्हा कोणाला तरी 'आहे' असे वाटत असणार, हे वाचणारा न सांगता गृहीत धरतो. 'हा कुत्रा चावत नाही' अशी पाटी फाटकावर दिसली की चावण्याचा विचार मनात येतोच. माणसाबद्दलही तसेच होते. 'ही इज नॉट डिसऑनेस्ट' असे वाचल्याबरोबर मनात प्रश्न उठतो की प्रामाणिकपणाबद्दल प्रश्न निघालाच कसा.

मराठीत लग्न जुळवताना मुलाबद्दल सांगतात की त्याला सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. ही स्तुती पूर्ण लागू पडते, कारण मुलीच्या वडिलांच्या मनात ती शंका खरोखरच असते आणि ती विचारायला त्यांना संकोच वाटतो. सांगणारा ती शंका न विचारताच मिटवतो. नोकरीच्या इंग्रजी पत्रात ती शंका कोणाच्या मनात नसते, म्हणून 'नो बॅड हॅबिट्स' हे शब्द तिला मिटवण्याऐवजी जन्माला घालतात. वाक्य तेच असले तरी समोरचा माणूस बदलला की त्याचे काम बदलते.

त्यामुळे नियम असा ठेवावा की वाचणाऱ्याच्या मनात जी शंका स्वाभाविकपणे असेल तिलाच नकार द्यावा, दुसऱ्या कशाला देऊ नये. मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा असेल तर वाचणाऱ्याला अनुभवाची शंका येणारच, आणि तेथे 'ही इज यंग, बट नॉट विदाउट एक्स्पीरियन्स' हे वाक्य आपले काम चोख करते. मुलगी फार कमी बोलणारी असेल आणि मुलाखतीत ते दिसणार असेल, तर 'शी इज क्वाएट, बट शी इज नॉट टिमिड' असे आधीच लिहून ठेवणे म्हणजे तिला मदत करणे आहे. दोन्ही ठिकाणी शंका आधी उघड मांडली आहे आणि मग तिला उत्तर दिले आहे, हे लक्षात घ्यावे.

पैशांशी संबंधित कामासाठी प्रामाणिकपणाबद्दल लिहिणे भाग असते. तेथे विशेषणाला नकार देण्याऐवजी घटनेला नकार द्यावा. 'ही इज नॉट डिसऑनेस्ट' लिहू नये, 'इन थ्री इयर्स हिज कॅश वॉज नेव्हर शॉर्ट' असे लिहावे. तीन वर्षांत गल्ला कधी कमी भरला नाही, हे तपासता येण्यासारखे विधान आहे, त्यात कोणाच्या स्वभावावर सावली पडत नाही. घटनेचा नकार ठाम असतो आणि विशेषणाचा नकार संशयी असतो, हे मी शेकडो पत्रांवरून सांगू शकतो.

सरकारी कामकाजात चारित्र्याचा दाखला देताना 'नथिंग अ‍ॅडव्हर्स हॅज कम टू माय नोटिस' असे लिहिण्याची पद्धत आहे. हा साचा जाणूनबुजून तोलून बनवलेला आहे. दाखला देणारा फक्त स्वतःच्या माहितीपुरते बोलतो, पलीकडची हमी घेत नाही, आणि दाखल्यासाठी तेवढे पुरे असते. पण हाच साचा उचलून शिफारसपत्रात घातला तर शिफारस करणाऱ्याला माणूस नीट माहीत नाही, असा त्याचा अर्थ होतो. दाखल्याची भाषा दाखल्यातच ठेवावी.

पाचवी पायरी: टीका करताना 'नॉट'ची जागा सांभाळा

प्रगतिपुस्तकात किंवा वार्षिक मूल्यमापनात उणीव दाखवावी लागते, आणि इंग्रजीत ती सौम्यपणे दाखवण्याची प्रस्थापित रीत नकाराचीच आहे. 'लेझी' लिहिण्यापेक्षा 'नॉट व्हेरी हार्डवर्किंग' लिहिले जाते, 'केअरलेस' लिहिण्यापेक्षा 'नॉट ऑल्वेज केअरफुल' लिहिले जाते. यांतील पायऱ्या ओळखाव्यात. 'नॉट ऑल्वेज पंक्चुअल' म्हणजे अधूनमधून उशीर होतो. 'नॉट व्हेरी पंक्चुअल' दिसते मवाळ, पण अर्थ असा की उशीर ही सवयच आहे. 'नॉट द मोस्ट पंक्चुअल' हे तर शब्दशः फक्त 'सर्वांत वक्तशीर नाही' असे म्हणते, तरी वाचणारा त्याचा अर्थ 'पुष्कळ उशिरा येणारा' असाच लावतो. शब्द जितका मऊ, तितकी टीका सौम्य, असे समीकरण येथे चालत नाही.

आपली खरी अडचण मराठीतूनच येते. 'तो नेहमी वेळेवर येत नाही' या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. तो कधीच वेळेवर येत नाही असाही अर्थ होतो आणि कधीकधी उशीर करतो असाही होतो. बोलताना आपण जोर कोठे देतो त्यावरून ऐकणाऱ्याला ते कळते. 'सगळी मुले गृहपाठ करीत नाहीत' याचेही तसेच आहे. इंग्रजीत लिहिताना हे दोन अर्थ सुटे करावे लागतात. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट सबमिट' असे लिहिले तर एकानेही गृहपाठ दिला नाही असे कोणी वाचेल, आणि काहींनी दिला नाही असेही कोणी वाचेल. 'नॉट ऑल द स्टुडंट्स सबमिटेड' लिहिले की संशय उरत नाही. सूत्र असे की 'ऑल', 'ऑल्वेज', 'एव्हरी' यांच्या अगदी अगोदर 'नॉट' ठेवावे, आणि 'एकही नाही' असे म्हणायचे असेल तेव्हा 'नन' किंवा 'नेव्हर' वापरावे. एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या शेऱ्यात 'नॉट ऑल्वेज' आणि 'नेव्हर' यांची अदलाबदल झाली तर घरी त्याच्या वाट्याला काय येईल, याचा विचार शेरा लिहिणाऱ्याने करायलाच हवा.

सहावी पायरी: उपसर्ग निवडताना जपा

'नॉन' आणि 'अन' हे दोन्ही उपसर्ग नकाराचे असले तरी पहिला फक्त वर्गवारी करतो आणि दुसरा बहुधा दोष देतो. 'नॉन-प्रोफेशनल' म्हणजे तो धंदेवाईक नाही, हौशी आहे. 'अनप्रोफेशनल' म्हणजे त्याचे वागणे पेशाला न शोभणारे आहे. गावातील नाट्यमंडळात नोकरी सांभाळून काम करणाऱ्या नटांचा परिचय लिहिताना एकाने दुसरा शब्द छापायला दिला होता, तो वेळीच बदलता आला. 'नॉन-गोवन' म्हणजे बिगरगोमंतकीय, तेथे ठपका नाही. 'अन-गोवन' म्हटले तर गोव्याच्या रीतीला सोडून वागणारा, असा ठपका येतो. तशीच काळजी 'अनइंटरेस्टेड' आणि 'डिसइंटरेस्टेड' या शब्दांत घ्यावी. पहिल्याचा अर्थ ज्याला रस नाही असा होतो, आणि दुसऱ्याचा काळजीपूर्वक लेखनातील अर्थ निःस्वार्थी, तटस्थ असा आहे.

सातवी पायरी: घडवून ठेवलेले प्रयोग जसेच्या तसे शिका

काही नकारी प्रयोगांचा अर्थ शब्दांवरून निघत नाही, तो पाठच करावा लागतो. 'एनीथिंग बट लेझी' म्हणजे आळशी मुळीच नाही, आणि 'नथिंग इफ नॉट ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिकपणा हाच ज्याचा सर्वांत ठळक गुण आहे असा. 'सेकंड टू नन' म्हणजे कोणाहूनही कमी नाही, हा प्रयोग सौम्य नसून सर्वोच्च स्तुतीचा आहे आणि तो जपून वापरावा. 'डझ नॉट सफर फूल्स ग्लॅडली' हे ऐकायला स्तुतीसारखे आहे. त्याचा उगम संत पॉल यांच्या एका पत्रात आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांतील मृत्युलेखांत मात्र त्याचा अर्थ चिडखोर, फटकळ माणूस असा घेतला जातो, तेव्हा दिवंगत शिक्षकांवर गौरवाने लिहिताना ते टाळलेले बरे.

'शी इज नो लाँगर विथ अस' या वाक्याने मी स्वतः एका कार्यालयाच्या पत्रात हादरलो होतो. बाईंनी नोकरी सोडली होती, एवढेच लिहिणाऱ्याला सांगायचे होते, पण इंग्रजीत हे वाक्य मृत्यूसाठीही वापरले जाते. 'शी हॅज लेफ्ट द जॉब' असे लिहावे. 'आय कॅनॉट रेकमेंड हिम टू हायली' हे वाक्यही तसेच धोक्याचे आहे. कितीही शिफारस केली तरी ती जास्त होणार नाही असा त्याचा अभिप्रेत अर्थ आहे, पण घाईत वाचणाऱ्याला फार शिफारस करता येत नाही असे वाटू शकते. त्याऐवजी 'आय रेकमेंड हिम स्ट्राँगली' लिहिले की काम भागते. एखाद्याचे योगदान थोर आहे हे सांगताना 'कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड' असे पुष्कळजण लिहितात. त्याचा शब्दशः अर्थ, कितीही कमी लेखले तरी चालेल, असा उलटा निघतो.

आठवी पायरी: नकार मोजा

पत्र लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक 'नॉट', 'नो', 'नेव्हर', 'विदाउट', 'हार्डली' आणि 'अन' यांभोवती पेन्सिलीने गोल काढा. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त गोल आले तर ते वाक्य पुन्हा लिहा. एका परिच्छेदात एकाहून जास्त नकारी स्तुती असेल तर एक ठेवा आणि बाकीच्या सरळ करा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली इंग्रजी गद्यावर लिहिताना 'नॉट अन' या जोडणीच्या अतिवापरावर कडक टीका केली होती. ती जोडणी मुळातच चूक नाही, पण ती सवय झाली की लिहिणारा काहीच ठामपणे म्हणत नाही, आणि माणसाचे वर्णन करताना हा दोष फार जाणवतो.

'हार्डली' आणि 'स्केअर्सली' हे शब्द स्वतःच नकारी आहेत, त्यांच्यासोबत 'नॉट' लावू नये. प्रमाण इंग्रजीत दोन नकार मिळून होकार होतो, हा नियम रॉबर्ट लोथ या इंग्रज व्याकरणकाराच्या अठराव्या शतकातील पुस्तकात स्पष्ट शब्दांत आहे. ज्यांच्या घरी जुन्या पिढीने पोर्तुगीज शिकलेले आहे त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण पोर्तुगीजमध्ये 'तो काहीच बोलला नाही' म्हणताना क्रियापदाला एक आणि 'काही'ला एक असे दोन नकार लावणे हेच शुद्ध असते, आणि ते दोन्ही मिळून नकारच राहतो.

शेवटी वाचणारा कोण आहे ते आठवावे. नकारातील सूक्ष्म छटा टिपण्याची सवय ज्यांना आहे, असे वाचक थोडे. आखाती देशातील कंपनीत किंवा जहाजाच्या भरती विभागात पत्र वाचणाऱ्याची इंग्रजी ही तुमच्यासारखीच शिकलेली भाषा असण्याची शक्यता मोठी आहे. तो अर्ज भराभर चाळतो आणि त्याच्या नजरेला शब्द सुटे सुटे दिसतात. म्हणून प्रत्येक नकारी वाक्यातील 'नॉट' बोटाने झाकून पाहावे, आणि उरलेला शब्द त्या माणसाच्या नावाशेजारी पाहून कसे वाटते ते विचारावे. 'नॉट टिमिड' झाकले तर 'टिमिड' उरते, ते चालण्यासारखे आहे. 'नॉट डिसऑनेस्ट' झाकले तर जे उरते ते कोणत्याही मुलाच्या नावाशेजारी चालणार नाही.

शॅकवरच्या त्या मुलाचे पत्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून दिले. 'वाईट नाही' म्हणजे काय, हे त्या गृहस्थांना खोदून विचारले, तेव्हा ते म्हणाले की ते स्वतः गावाला गेले तरी मासळीचा विभाग तो एकटा चालवायचा. 'खाडे करीत नाही' म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी हजेरीची वही काढली. दोन हंगामांत सकाळची एकही पाळी त्याने चुकवलेली नव्हती. पत्रात आले ते असे: 'ही वर्क्ड इन अवर किचन फॉर टू फुल सीझन्स अँड डिड नॉट मिस अ सिंगल मॉर्निंग शिफ्ट. ही केप्ट द फिश सेक्शन रनिंग ऑन हिज ओन व्हेन आय वॉज अवे. ही इज ओन्ली ट्वेंटी, बट ही इज नो बिगिनर.' व्यसनाचा उल्लेख काढून टाकला. पहिल्या वाक्यातील नकार घटनेचा होता आणि हजेरीच्या वहीत तपासता येत होता, म्हणून तो राहिला. शेवटचा 'नो'ही राहू दिला, कारण वीस वर्षांच्या मुलाचा अर्ज हाती घेणाऱ्याच्या मनात हा नवशिका असेल ही शंका येणारच होती, आणि तिचे उत्तर त्याच ओळीत देणे भाग होते.